आधण किती रुपयांचं? स्वयंपाकघरातल्या इंधनाचा हिशेब

पिण्यासाठी रोज १० लिटर पाणी गॅसवर उकळणाऱ्या घरात वर्षाला जवळजवळ तीन सिलिंडर निव्वळ त्या पाण्यावर खर्च होतात. पाच माणसांच्या घरात १० लिटर काही फार नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. तीन सिलिंडर म्हणजे अडीच हजार रुपये. वर्षाला आठ सिलिंडर लागणाऱ्या घरात तिसऱ्या हिश्शाहून जास्त गॅस या एका कामाला जातो, आणि महिनाअखेरीस सिलिंडर लवकर संपला की बोल मात्र चपात्यांना लागतो.

इंधन वाचवायचं ठरलं की आपण पहिल्यांदा दुकानात जातो आणि नवी शेगडी कोणती घ्यावी ते विचारतो. ते काम शेवटी करावं. आधी उष्णता कुठे जाते ते पाहावं. बहुतेक घरांत ती पाणी तापवण्यात आणि त्या पाण्याची वाफ उडवण्यात जाते, आणि ती वाचवायला फारसा पैसा लागत नाही.

हिशेबाची मापं

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एप्रिल २०२५ च्या दरवाढीनंतर मुंबईत त्याचा भाव ८५२ रुपये ५० पैसे झाला. गावोगावी थोडा फरक असतो आणि भाव बदलत राहतात, म्हणून इथे सगळीकडे सरळ ८५० रुपये धरले आहेत. म्हणजे किलोला ६० रुपये. तुमच्या पावतीवरचा भाव ५० रुपयांनी जास्त असेल तर किलोमागे साडेतीन रुपये वाढवून घ्या, बाकीचं गणित तेच राहील. उज्ज्वला योजनेतल्या घरांना ठरावीक सिलिंडरांपर्यंत प्रत्येकी ३०० रुपये अनुदान मिळतं, त्यांना हाच गॅस किलोला ४० रुपयांच्या आत पडतो. पाइपच्या गॅसचा दर मुंबई-पुण्याकडे घनमीटरला पन्नाशीच्या आसपास आहे. उष्णतेच्या हिशेबाने तो सिलिंडरच्या जवळपासच पडतो, त्यामुळे पुढचे आकडे त्या घरांनाही लागू पडतील.

एक किलो गॅस जळला की पावणेतेरा युनिट विजेइतकी उष्णता निघते. ती सगळी पातेल्यात उतरत नाही. भारतीय मानकाप्रमाणे घरगुती शेगडीने किमान ६८ टक्के उष्णता भांड्याला दिली पाहिजे, पण ती मोजणी प्रयोगशाळेत, स्वच्छ बर्नर आणि योग्य मापाचं भांडं घेऊन होते. आपल्याकडे बर्नरच्या भोकांत दूध उतू जाऊन बसलेलं असतं आणि लहान पातेल्याच्या कडेने ज्योत वर येत असते. म्हणून इथे ६० टक्के धरले आहेत.

या मापाने १ लिटर पाणी माठातल्यासारखं असताना चढवून उकळीपर्यंत न्यायला साडेअकरा ग्रॅम गॅस लागतो. त्याचे ७० पैसे होतात. हा एक आकडा लक्षात ठेवला तर स्वयंपाकघरातला निम्मा हिशेब तोंडी करता येतो.

पिण्याचं पाणी

पाणी निर्जंतुक व्हायला ते वीस मिनिटं खदखदावं लागतं, ही समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे पाण्याला मोठी, उसळती उकळी आली की काम झालं. मग गॅस बंद करून पाणी झाकून आपोआप निवू द्यायचं. मोठा बर्नर पूर्ण आचेवर तासाला दीडशे ग्रॅमच्या वर गॅस जाळतो. म्हणजे वीस मिनिटं जास्त उकळणं हे रोजचे तीन रुपये आणि वर्षाचे अकराशे रुपये. त्यात पाणी अधिक शुद्ध होत नाही, फक्त कमी होतं.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं, गावात कावीळ किंवा गॅस्ट्रोची साथ असली, घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असलं, तर पाणी उकळलंच पाहिजे. तिथे पैशाचा विचार करू नये.

एरवी महापालिकेचं शुद्ध केलेलं पाणी येत असेल तर साधा गाळणी-कँडलचा फिल्टर दोन-तीन हजारांत आणि यूव्ही दिव्याचा फिल्टर सहा ते नऊ हजारांत मिळतो. यूव्हीला वीज नगण्य लागते. रोज १० लिटर उकळणाऱ्या घराचे त्यावर घातलेले पैसे तीन-चार वर्षांत फिटतात. कँडल आणि दिवा वेळेवर बदलायचा खर्च मात्र धरून चाला, कारण जुना दिवा पेटलेला दिसतो पण जंतू मारत नाही.

आरओ हा वेगळा विषय आहे. यंत्र दहा हजारांपासून पुढे, वर्षाची देखभाल तीन-पाच हजार, आणि १ लिटर पाणी देताना ते दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तर आरओची गरज नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये अशा ठिकाणी आरओवर बंदी घालावी असा आदेश दिला तो याच कारणाने. क्षार मोजायचा टीडीएस मीटर काही शे रुपयांना मिळतो. विक्रेत्याच्या मीटरवर विसंबण्यापेक्षा शेजाऱ्यांत मिळून एक घ्या आणि आधी मोजा. धरणाचं पाणी येणाऱ्या बऱ्याच शहरांत आकडा शंभर-दोनशेच्या पुढे जात नाही. बोअरच्या खारट, जड पाण्याला आरओ लागतो हे खरं. तिथे मोरीत जाणारं पाणी बादलीत धरून फरशीला आणि भांडी विसळायला वापरावं.

वाफ महाग असते

पाणी एकदा उकळलं की कितीही आच लावली तरी त्याचं तापमान वाढत नाही. रत्नागिरीत ते १०० अंशांवर थांबतं, पुण्यात ९८ च्या आसपास, महाबळेश्वरला ९६ च्या खालीच. आच वाढवली तर फक्त वाफ वाढते. आणि वाफ करायला उष्णता किती लागते? १ लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी लागते, तेवढंच पाणी वाफ करून उडवायला तिच्या सातपट. उघड्या पातेल्यात रटरट उकळणाऱ्या डाळीतून एका वाटीभर पाण्याची वाफ झाली की पाऊण रुपया हवेत गेला. मग आमटी दाट झाली म्हणून आपण वरून पाणी घालतो आणि तेही पुन्हा तापवतो.

म्हणून भाजी असो, भात असो, बटाटे असोत, उकळी फुटली की आच मंद करून झाकण ठेवायचं. पाण्याच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे येत राहिले की पदार्थ तितक्याच वेगाने शिजतो. बासुंदी आटवायची असते, रस्सा घट्ट करायचा असतो, तिथे वाफ जायलाच हवी. बाकी ठिकाणी तिला आत धरून ठेवणं हाच खरा स्वयंपाक.

आपल्याकडे यासाठी झाकणावर पाणी ठेवायची रीत आहे, आणि मला ती फार शहाणपणाची वाटते. कोबी, दुधी, फरसबी परतून झाली की वर खोलगट ताटली ठेवायची आणि तिच्यात पेलाभर पाणी ओतायचं. आतली वाफ त्या गार ताटलीला लागून परत पाणी होते आणि भाजीत पडते, म्हणून भाजी पाणी न घालता शिजते आणि तळाला लागत नाही. ताटलीतलं पाणी मात्र कढत होतं. ते रश्शाला, कणकेला किंवा उसळीला घालायचं. वाया जाणारी उष्णता दुसऱ्या कामाला लावणं म्हणजे हेच, आणि त्यासाठी घरात असलेल्या ताटलीशिवाय काही विकत घ्यावं लागत नाही.

रोजच्या स्वयंपाकात मोठ्या बर्नरची पूर्ण आच दहा मिनिटांनी कमी केली तर वर्षाला सिलिंडरचा दोन तृतीयांश भाग वाचतो, म्हणजे साडेपाचशे रुपयांच्या वर. ही दहा मिनिटं शोधायची तर फोडणीची तयारी आधी करा, गॅस मग पेटवा. कांदा चिरेपर्यंत कढई तापत ठेवलेली असते ना, तिथून सुरुवात होते. फ्रिजमधली भाजी आणि दूध अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. पिशवीतलं पाश्चरीकृत दूध एकदा तापवलं तर पुरे, दिवसातून तीनदा उतू जाईपर्यंत नाही. जाड तवा असेल तर शेवटची भाकरी टाकल्यावर गॅस बंद केला तरी ती भाजून निघते.

कडधान्यं आणि कुकर

गॅसची सर्वांत मोठी चैन म्हणजे न भिजवलेले छोले, राजमा आणि हरभरे. रात्री भिजत घातलेलं कडधान्य सकाळी पाणी पिऊन फुगलेलं असतं, उष्णता आतपर्यंत लवकर पोचते आणि शिजायचा वेळ खूपच कमी होतो. मटकी, मूग, वाल यांना मोड आणले की आणखी लवकर शिजतात. तूरडाळसुद्धा अर्धा तास भिजवली तर फरक कळतो. पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशनच्या, म्हणजे इंधन बचतीचं काम करणाऱ्या सरकारी संस्थेच्या सांगण्याप्रमाणे उघड्या भांड्याच्या तुलनेत कुकरमध्ये भाताला २० टक्के आणि भिजवलेल्या हरभराडाळीला ४६ टक्के इंधन कमी लागतं. भाताचा फायदा कमी आणि डाळीचा जास्त, हे लक्षात घेण्यासारखं आहे. एकच कुकर परवडत असेल तर तो डाळ-कडधान्यासाठी असू द्या.

डाळ शिजत नाही म्हणून आपण शिट्ट्या वाढवतो, पण दोष बऱ्याचदा पाण्याचा असतो. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम कडधान्याचं साल घट्ट करतं. पिण्याच्या पाण्यात शिजवून पाहा. आमसूल, चिंच, टोमॅटो हे डाळ शिजल्यावर घाला, आंबट पदार्थात डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. चिमूटभर सोडा घातला की डाळ पटकन मऊ होते खरी, पण तिच्यातलं बी-१ जीवनसत्त्व नासतं, म्हणून मी तो सुचवणार नाही.

आता शिट्ट्यांबद्दल. कुकरच्या आत दाब वाढून तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे पदार्थ लवकर शिजतो. पहिली शिट्टी म्हणजे दाब भरल्याची खूण. त्यापुढची प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर फेकलेली वाफ. पहिल्या शिट्टीला आच अगदी बारीक करा, वजन हलकं फुसफुसत राहील इतकी, आणि घड्याळ लावा. आपल्या पाककृती ‘चार शिट्ट्या’ असं सांगतात, त्या चार शिट्ट्यांना तुमच्या कुकरमध्ये किती मिनिटं लागत होती ते एकदा पाहून ठेवा. तेवढीच मिनिटं मंद आचेवर द्या. गॅस बंद केल्यावर वजन उचलू नका. दाब आपोआप उतरेपर्यंतची दहा मिनिटं फुकटच्या शिजण्याची असतात.

कुकर लावायचा तर त्यात डबे भरून लावा. खाली वरण, वर भात, शेजारी वाटीत बटाटे किंवा रताळं, उन्हाळ्यात पन्ह्याच्या कैऱ्या. तळात पाणी दीड-दोन पेल्यांपेक्षा जास्त नको, तेही तापवावंच लागतं. पाच लिटरचा चांगला कुकर दीड ते अडीच हजारांत येतो. झाकणाची रबरी रिंग सैल झाली की कडेने वाफ जाते आणि दाबच भरत नाही, ती शंभर-दीडशे रुपयांची रिंग वेळेवर बदला.

कुकर नसेल तर डबा गुंडाळून ठेवायची युक्ती आहे. भाताला किंवा भिजवलेल्या मूगडाळीला जाड भांड्यात पाच-सात मिनिटं चांगली उकळी द्यायची, झाकण घट्ट लावायचं आणि ते भांडं गोधडीत गुंडाळून किंवा मोठ्या हॉटपॉटमध्ये ठेवून द्यायचं. तासाभरात भात शिजून तयार असतो. याच तत्त्वावर बंगालमधल्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये इकमिक कुकर बनवला होता. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी उभ्या केलेल्या ‘आरती’ संस्थेचा सराई कुकरही उष्णता कोंडून ठेवतो, आणि शंभर ग्रॅमभर कांडी कोळशावर घरचं जेवण शिजवतो. राजमा मात्र या पद्धतीने करू नका. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं द्रव्य असतं आणि ते जायला दहा मिनिटं खळखळून उकळी लागते. शिवाय गुंडाळलेला भात कोमट होऊन तासन्‌तास पडू देऊ नये.

शेगडीकडे थोडं लक्ष द्या. ज्योत निळी हवी. पिवळी झाली, भांड्याचं बूड काळं पडायला लागलं की बर्नर चोंदलेला आहे. पितळी बर्नर काढून कोमट साबणपाण्यात भिजवून दाभणाने भोकं मोकळी करता येतात. तरीही सुधारलं नाही तर दोन-चारशे रुपये देऊन माणूस बोलवा. चहाचं पातेलं लहान बर्नरवर ठेवा. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख तिच्यावर छापलेली असते. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं बटण चालू-बंद करू नका आणि १९०६ या क्रमांकावर फोन करा.

इंडक्शन घ्यावं का?

यासाठी विजेचं बिल समोर घेऊन बसा. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिली १०० युनिटं वहन आकार आणि वीज शुल्क धरून साधारण सात रुपयांच्या घरात पडतात, १०१ ते ३०० मधलं युनिट तेरा रुपयांच्या आसपास, आणि त्यापुढे सोळाच्या वर. इंडक्शनसाठी वापरलेली युनिटं ही आधीच्या वापरावर चढतात, म्हणून त्यांना तुमच्या बिलातल्या शेवटच्या टप्प्याचा दर लागतो. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिटं असा सरासरी दर काढला तर फसगत होते.

एक सिलिंडर दीड महिना पुरणारं घर घेऊ. त्याचा महिन्याचा गॅस साडेनऊ किलो, म्हणजे ५७० रुपयांचा. इंडक्शन शेगडी वापरलेल्या विजेतली सुमारे ८० टक्के उष्णता भांड्याला देते. तेवढाच स्वयंपाक तिच्यावर केला तर महिन्याला ९० युनिटं लागतील. ज्यांचं एकूण बिल १०० युनिटांच्या आत राहतं त्यांना ती सव्वासहाशेच्या आसपास पडतील, म्हणजे गॅसपेक्षा थोडी जास्त. ज्यांचा वापर आधीच १०० च्या पुढे आहे त्यांना जवळजवळ बाराशे. फ्रिज, पंखे, टीव्ही आणि वॉशिंग मशीन असलेलं शहरातलं घर बहुधा दुसऱ्याच प्रकारात मोडतं. म्हणजे महाराष्ट्रातल्या बऱ्याच मध्यमवर्गीय घरांना आज इंडक्शनवर सगळा स्वयंपाक दुप्पट महाग आहे, दुकानदार काहीही सांगो.

मुंबईत बेस्ट, टाटा आणि अदानीचे दर वेगळे आहेत, त्यांच्या ग्राहकांनी आपल्या बिलावरून हेच गणित करावं. साधा नियम असा: शेवटच्या टप्प्याचा सगळे आकार धरलेला दर सव्वासहा रुपयांच्या खाली असेल तर इंडक्शन गॅसपेक्षा स्वस्त. गोव्यात घरगुती विजेचे पहिले टप्पे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही स्वस्त आहेत, त्यामुळे तिथल्या वाचकांनी इंडक्शन खुशाल घ्यावं. स्मार्ट मीटर बसलेल्या महावितरणच्या ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर सवलत आहे, पण ती तेराचे सात करण्याइतकी नाही.

शेगडी दोन-साडेतीन हजारांना येते. भांड्यांचा खर्च लोक विसरतात. अॅल्युमिनियम, हिंडालियम, पितळ, तांबं यांवर ती चालत नाही. फ्रिजवरचं लोहचुंबक भांड्याच्या बुडाला चिकटलं तर ते भांडं चालेल. कुकर, कढई, तवा नवीन घ्यायचे तर आणखी चार-पाच हजार. दोन हजार वॅटच्या शेगडीला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, जुन्या वायरिंगच्या घरात आधी तो तपासून घ्या.

पर्यावरणाचं म्हणाल तर तिथेही विचार करण्यासारखं आहे. साडेनऊ किलो गॅस जाळला की २८ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपली वीज अजून मुख्यतः कोळशावर होते, आणि देशाच्या सरासरीने एका युनिटामागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. ९० युनिटांचे झाले ६० किलोंच्या वर. गॅसचं उत्खनन आणि वाहतूक यात धरलेली नाही, तशी विजेची वहनातली गळतीही नाही. म्हणजे आजच्या घडीला ग्रिडच्या विजेवर चालणारं इंडक्शन हवेला गॅसपेक्षा दुप्पट जड आहे. ‘ग्रीन’ म्हणून ते विकत घेणाऱ्यांनी हे जाणून घ्यावं. देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी सुमारे ६० टक्के आयात होतो, त्यामुळे सरकारला वीज हवीशी वाटणं समजण्यासारखं आहे. ग्रिडमध्ये सौर आणि पवनऊर्जा वाढेल तसं हे गणित बदलत जाईल.

छतावर सौर पॅनेल असतील तर मात्र चित्र पूर्ण उलटतं. १ किलोवॅटचं पॅनेल रोज सरासरी चार युनिटं देतं, म्हणजे महिन्याला ११०-१२०. वर सांगितलेल्या घराचा सगळा स्वयंपाक त्यात होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. किलोवॅटचा खर्च साठ ते ऐंशी हजार धरला तर दुसऱ्या टप्प्यात बिल भरणाऱ्या घराला अनुदान वजा जाता हे पैसे दोन-तीन वर्षांत सुटतात. इंडक्शन घ्यायचा योग्य क्रम हाच: आधी पॅनेल, मग शेगडी. पॅनेलला जागा नसेल तर सिलिंडर अचानक संपल्यावरची सोय म्हणून एक साधी इंडक्शन शेगडी ठेवावी, तेवढी पुरे.

ओव्हनचं एक वाक्यात: पाऊण तासाच्या केकला आधीच्या तापवण्यासकट साधारण १ युनिट, म्हणजे तेरा रुपये. एक वाटी भाजी गरम करायला मायक्रोवेव्ह ५० पैसे घेतो, त्याची काळजी करू नका.

चहा, माठ आणि कोकम

दोन कप चहाचं पाणी आणि दूध उकळायला २५-३० पैसे लागतात. तोच चहा मोठ्या बर्नरवर पाच मिनिटं उकळवत ठेवला तर त्यावर आणखी ८० पैसे. चहा कडक हवा असेल तर पाण्याला उकळी आल्यावर ठेचलेलं आलं आणि पावडर घाला, अर्धा मिनिट उकळू द्या, गॅस बंद करून तीन-चार मिनिटं झाकून ठेवा. रंग आणि स्वाद पुरेपूर उतरतो, मग गरम दूध घाला. पाणी कपाने मोजून घ्या, अंदाजे ओतलेलं अर्धा कप जास्तीचं रोज मोरीत जातं. वडीलधाऱ्यांना दिवसभर थोडं थोडं गरम पाणी लागत असेल तर एक चांगला थर्मास घ्या. सात-आठशे रुपये लागतील आणि दिवसातून पाच-सहा वेळा पातेलं चढवणं बंद होईल.

थंड पाण्याचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. फ्रिज चालूच असेल तर १ लिटर पाणी गार करायला पंधरा-वीस पैसे. कढत आमटीचं दोन लिटरचं पातेलं आत ठेवलं तर रुपयाभर जातो, म्हणून ते आधी पाण्याच्या परातीत ठेवून निववून घ्या, मात्र दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. खरा खर्च दुसऱ्या फ्रिजचा आहे. जुना फ्रिज ‘पाण्याच्या बाटल्यांसाठी’ म्हणून बाहेरच्या खोलीत चालू राहतो आणि वर्षाला दोनशे युनिटं खातो. तेरा रुपयांनी ते २६०० होतात. तिथे माठ ठेवा, तो दीडशे ते चारशे रुपयांना येतो. पाणी बारीक छिद्रांतून झिरपून बाहेर सुकतं आणि सुकताना आतली उष्णता घेऊन जातं. म्हणून नागपूर, अकोला, जळगावच्या कोरड्या मे महिन्यात माठ उत्तम चालतो, मुंबईच्या आणि कोकणच्या दमट हवेत तेवढा नाही. बाहेरून रंग किंवा चकाकी दिलेला माठ घेऊ नका, छिद्रं बुजलेली असतात. दर उन्हाळ्यात नवा घ्यावा लागला तरी परवडतं.

आणि पेयं. ताकाला आच लागत नाही, लिंबू सरबताला लागत नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे अमृत कोकम करतात तेव्हा रातांब्याच्या सालींवर साखरेचे थर देऊन बरणी उन्हात ठेवतात. उन्हाने रस सुटतो, साखर विरघळते आणि वर्षभर टिकणारा अर्क तयार होतो, गॅसचा थेंबही न जळता. पन्ह्याच्या कैऱ्या वरणाबरोबर कुकरमध्ये गेल्या की त्यांना वेगळा खर्च नाही.

ऊन आणि शेण

अंगण किंवा गच्ची असेल तर पेटीचा सौर कुकर पाच-सात हजारांत मिळतो. दहा वाजता डाळ-तांदूळ ठेवले की एक वाजता जेवण. ऑक्टोबर ते मे तो कामाचा आहे, पावसाळ्यात नाही, आणि फोडणी-पोळीला गॅस लागतोच. मोठ्या प्रमाणावर याचा उपयोग पाहायचा असेल तर शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर पाहावा. २००९ पासून तिथे ७३ सौर तबकड्यांनी पाण्याची वाफ करून त्यावर हजारो भक्तांचा प्रसाद शिजवायची सोय आहे.

खेड्यात तीन-चार जनावरं असतील तर गोबरगॅसइतकं फायद्याचं दुसरं काही नाही. रोज ५० किलो शेण लागणारा २ घनमीटरचा संच महिन्याला पावणेदोन सिलिंडरांइतका गॅस देतो. पाणी-पाळी नियमित हवी, शेण आणि पाणी सारख्या मापाने कालवून घालावं लागतं. थंडीत गॅस कमी येतो, तेव्हा कालवायला उन्हात ठेवलेलं कोमट पाणी वापरा. बाहेर पडणारी स्लरी हे कुजलेलं, वासरहित खत असतं, ते सरळ शेतात जातं. अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करा, आणि खड्डा खणण्याआधी करा, काम सुरू झाल्यावर केलेला अर्ज अडकू शकतो.